सडेवाडीचं अकरावं वर्ष कोणी चालवलं?

न उलगडलेल्या अनुभवांचं हे सदर मी नियमित वाचते आणि नियमित चिडते. दोनदा इथे पत्रही पाठवलंय. दोन्ही पत्रांत मागणी एकच होती: पुरावा द्या, नाहीतर असलं छापणं बंद करा. आता मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर कोणी हसेल, तर हसा. माझी मतं आहे तिथेच आहेत. हे लिहितेय ते एवढ्यासाठीच की या प्रकरणात एका सरळ माणसाचं नाव फुकट घेतलं गेलं, आणि तोंडी खुलासा गावात दोन दिवससुद्धा टिकत नाही. कागद टिकतो.

मी सुप्रिया, वय सव्वीस. आमचा गाव देवगड आणि मालवण यांच्या मधे, खाडीच्या काठावर. नाव देणार नाही, कारण मग उद्या कॅमेरे घेऊन रील काढणारे येतील. मी पत्रकं लिहिते. सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरची चिरेखाण, दवाखान्यात नसलेला डॉक्टर, बंद पडणारी शाळा… ज्याला गावात "सुप्रीचा कागद" म्हणतात ते. बोलायचं कमी, छापायचं जास्त, आणि छापलं की मागे घ्यायचं नाही.

आता खेळाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही तिघं मिळून कॉम्प्युटरवर एक वसाहत चालवतो. मी, नंदू आणि मकरंद. नंदूचं जामसंड्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, राहतो गावात. मकरंद, म्हणजे मकऱ्या, आमच्याच वाडीतला, नोकरीला मुंबईत. हा गोळ्या झाडायचा खेळ नव्हे. एका ओसाड डोंगरावर सात माणसं उतरतात, त्यांच्याकडून विहीर, शेती, घरं, भट्टी, तट सगळं उभं करून घ्यायचं. आणि ती माणसं आपल्या बोटावर नाचत नाहीत. आपण फक्त हुकूम सोडायचा. ती रुसतात, फुगतात, झोपा काढतात, मग जमलं तर पाळतात. आमच्या एका सुताराचं मांजर मेलं तर त्याने सहा महिने रंध्याला हात लावला नव्हता.

वसाहतीचं नाव सडेवाडी. नियम कडक: खेळातल्या एका वर्षाचा कारभार एकाचा. वर्ष संपलं की सेव्ह करायचं, अहवाल लिहायचा, फाइल पुढच्या कारभाऱ्याला पाठवायची. कारभार ज्याचा, फाइल फक्त त्याच्या मशीनवर. जुनी प्रत ठेवायची नाही, म्हणजे हरल्यावर मागे जायची सोयच नाही. माणसांना आम्ही आमचीच नावं दिली होती. तिथला नंदू भट्टीवर होता, मकऱ्या कोठीवर, आणि सुप्री पाथरवट.

दहावं वर्ष माझं होतं. मी काय केलं असेल ते ओळखा. सैन्य बरखास्त केलं. चौतीस माणसांना सारख्या मापाच्या चौतीस खोल्या दिल्या, आणि हत्यारं वितळवून नांगर आणि स्वयंपाकाचे टोप केले. मकऱ्याने अहवाल वाचून फोनच केला.

"गो सुप्री, ही वसाहत आसा की तुझा पत्रक?"

"तुझ्या वर्षी कोठीवाल्याचे पाय मोडले, त्याचं बघ आधी."

"माझ्या वर्षी पाय मोडले. तुझ्या वर्षी माना मोडतले, बघ तू."

अकरावं वर्ष नंदूचं. तो जेमतेम वसंतापर्यंत पोचला आणि उत्तरेच्या कडेला धाड उतरली. साठ जण, सगळे हत्यारबंद. आमच्याकडे टोप. नंदूने तिथेच खेळ थांबवला, सेव्ह केला, मशीन बंद केलं आणि मला सांगितलं, "तुझ्या समतेन आमका मारल्यान. आता परत इल्यावर बघूया, उद्या पळण आसा."

पळण म्हणजे गावपळण. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे काही वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावतात, आणि देवाने कौल दिला की तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर जातो. सगळा म्हणजे सगळा. गुरं, कुत्रे, कोंबड्या, आजारी माणसं, तान्ही पोरं. मागे चूल पेटती ठेवायची नाही, दिवा ठेवायचा नाही. व्हाळ, म्हणजे वेशीवरचा ओढा, ओलांडायचा आणि पलीकडच्या माळावर खोपी घालून राहायचं. तीन दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी परत कौल, मग ढोल वाजतो, आणि सगळ्यांत आधी गावात पाऊल टाकायचा मान एका घराण्याचा. तो मान नंदूच्या वडिलांचा, आबांचा.

मी याच्या विरोधात पत्रक काढलं होतं. "तीन दिवस गाव रिकामा — कोणासाठी?" मुद्दा साधा होता. आमच्या शेजारच्या तायग्याकाकीची एक बाजू अर्धांगाच्या वाऱ्याने गेलेली. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार जण व्हाळातून नेणार, थंडीत माळावर झोपवणार… कोणत्या अधिकाराने? पत्रक मी काकीला वाचून दाखवलं. काकीने सगळं ऐकून घेतलं.

"संपला?" म्हणाली. "मगे आता गप ऱ्हव. लग्नात सुदा माका कोणी असा उचलून नेल्ल्यान नाय. माका जावचा आसा."

तरीही पत्रक वाटलं. ते चुकीचं होतं असं आजही म्हणत नाही.

निघायच्या सकाळी मी नंदूच्याच घरी होते. आबांनी चूल विझवली, देवासमोरची समई शांत केली आणि मग स्टुलावर चढून मीटरच्या बोर्डावरचा मेन स्विच खाली ओढला. "आताचो दिवो ह्योच," म्हणाले. कॉम्प्युटरवर नंदूच्या आईने चादर घातली. मशीनला बॅटरी नाही, इन्व्हर्टर नाही. हे लक्षात ठेवा.

माळावरचे दिवस मजेत गेले, हेही कबूल करते. मुंबईकर आले होते, मकऱ्या आला होता, दिवसभर पत्ते आणि फुगड्या चालू होत्या. तायग्याकाकी खुर्चीतून सगळ्यांना हुकूम सोडत होती. आणि मी आतल्या आत धुमसत होते. वाटत होतं, एकच फोटो हवा. रिकाम्या गावात उभी असलेली मी, खाली एक ओळ — "बघा, काही झालं नाही." शंभर पत्रकांचं काम एका फोटोने होईल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवणं चालू असताना, मी व्हाळ ओलांडून गावात गेले. एकटी. कोणालाही सांगितलं नाही.

भीती वाटली नाही. ऊन होतं, ओळखीची पाणंद होती. पण असला गाव मी कधी ऐकला नव्हता. कोंबडा नाही, मिक्सर नाही, कोणाची खाकर नाही. सगळी दारं ओढलेली. परवानगी न घेता कोणाच्या तरी झोपायच्या खोलीत शिरल्यासारखं वाटत होतं. नंदूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहिले आणि खिडकीच्या गजांना पाठ लावून स्वतःचा फोटो काढला. मागे खोली दिसते: चादर घातलेला कॉम्प्युटर, आणि भिंतीवर खाली ओढलेला मेन स्विच. दहा मिनिटांत मी परत व्हाळापलीकडे होते. पानावर भात वाढलेला तसाच होता.

फोटो छापला नाही. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगते: काकी खुर्चीतून हसत होती, आणि तिच्या गावात मी चोरासारखी जाऊन आले होते. विरोध करायचा तर तोंडावर करावा. असं मागून जाऊन नाही.

चौथ्या दिवशी ढोल वाजला, आबा पुढे, आम्ही मागे. घरी जाऊन आबांनी मेन वर केला. मकऱ्या म्हणाला, चल, सडेवाडीची अंत्ययात्रा बघून घेऊ, माका रातीची गाडी आसा. नंदूने मशीन लावलं आणि खेळ उघडला.

वर्ष संपलेलं होतं.

वसंतात, धाड दाराशी असताना थांबवलेला खेळ — अकरावं वर्ष पूर्ण होऊन, सेव्ह होऊन बसला होता. मेलेले: शून्य. चौतीसच्या चौतीस जिवंत. फाइलवरची वेळ पळणीच्या तिसऱ्या दिवशीची, दुपारी चारच्या सुमाराची.

मकऱ्या आधी हसला. मग त्याने ती वेळ पुन्हा वाचली.

"नंद्या, मेल्या… तिसऱ्या दिसा दुपारी तू खंय होतंस?"

"कुर्ल्ये धरूक. खाडीर." कुर्ल्ये म्हणजे खेकडे.

"एकटो?"

"एकटोच. कुर्ल्ये मोजून हाडलंय की तुझ्यासमोर!"

"कुर्ल्ये बाजारात पण गावतत."

नंदू उठून बाहेर गेला. तो भांडणारा माणूस नाही, आणि नेमकं तेच त्याच्या विरोधात गेलं.

मकऱ्याने वाईट हेतूने केलं नाही. मुंबईला जाताना गाडीतून त्याने वाडीच्या ग्रुपवर फाइलच्या वेळेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "पळण मोडून गेम खेळणारो पहिलो गाववालो." पुढे हसणाऱ्या सहा बाहुल्या. थट्टा. चार दिवसांनी सड्यावरच्या काजूच्या बागेला आग लागली, वाळलेलं गवत भरभर पेटत गेलं आणि दोन घरांची कलमं जळाली. मग त्या बाहुल्यांना कोणी हसेना. नंदू आत गेला, पळण मोडली, देव कोपला. आणि वर — ज्याचा झील पळण मोडतो, त्याच्या बापसाने पहिलं पाऊल कसं टाकायचं? मान काढून घ्या. बैठक ठरली.

 आबा देवळात जायचे बंद झाले. सत्तरी ओलांडलेला, रोज सकाळी देवळाची पायरी चढणारा माणूस खळ्यात सुपारी कातरत बसून राहायला लागला. ते बघून मी नंदूकडे गेले आणि म्हटलं, मशीन लाव. खेळ स्वतःची रोजवही ठेवतो. कोण कुठे गेलं, काय केलं, सगळं ओळीओळीने. मकऱ्याने फक्त शेवटचं पान बघितलं होतं. मी सगळी वही वाचली. इंग्रजीत असते, मी मराठीत देते:

"लोहार भट्टी विझवतो. आचारी चूल विझवते. गायी ओढ्यापलीकडे. कोंबड्या, बावीस, ओढ्यापलीकडे. मकऱ्या, कोठीवाला, चालू शकत नाही. दोघे त्याला उचलून नेतात."

तीन दिवस सगळी सडेवाडी ओढ्यापलीकडे. धाड आत शिरली, रिकाम्या खोल्यांतून फिरली. "माणूस सापडत नाही." धाड परत गेली. चौथ्या दिवशी सगळे आत. मग उन्हाळा, पाऊस, पिकं, वर्ष पूर्ण.

ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना सांगायला नको. माणसांना एका जागी गोळा करायचा हुकूम असतो, पण जनावरांना एकेक करून सांगावं लागतं. भट्ट्या एकेक करून बंद कराव्या लागतात. ते आपोआप होत नाही. मकऱ्याने नंतर परदेशी खेळाडूंच्या फोरमवर विचारलं, तिथे त्याला वेड्यात काढलं.

इथपर्यंत वाचून मीसुद्धा म्हटलं असतं, नंदूने केलं. गावपळणीची कल्पना त्याला सुचली, गावात शिरला, खेळला. पण रोजवहीत मधेच एक ओळ होती. दुसऱ्या दिवसातली.

"दुपार. सुप्री, पाथरवट, ओढा ओलांडून वसाहतीत. भट्टीवाल्या नंदूच्या घरासमोर थांबते. परत."

एवढंच. धाड आत असताना ती गेली आणि परत आली, तिला कोणी हात लावला नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. नंदू मागून म्हणाला, "काय गो, काय गावला?" मी म्हटलं, काही नाही.

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते: मी दोन दिवस गप्प बसले. ती ओळ दाखवायची तर मी आत गेले होते हे सांगावं लागणार. गावाला गुन्हेगार हवाच होता, आणि पळणीविरुद्ध पत्रक काढणारी मी आयती सापडले असते. शिवाय माझ्यासारखीने म्हणायचं काय — की खेळाला माझं गुपित माहीत होतं? हीच मी, जी या सदराला पुरावा मागत होते! आणि तिकडे आबा सुपारी कातरत होते.

बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. निवृत्त मास्तर वही घेऊन बसले होते. मकऱ्याचा फोन स्पीकरवर ठेवला होता, साक्षीदार म्हणून. नंदू खांबाला टेकून उभा. मानाचा विषय निघाला तशी मी उठले.

"नंदू आत गेला नव्हता. मी गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी."

 सगळेच एकदम बोलायला लागले.

"बघा, ह्या चेडवाचा काम!"

"म्हंजे आग हिच्यामुळे…"

"आग माझ्यामुळे लागली नाही," मी म्हटलं. "वाळलेल्या गवतात कोणीतरी विडी टाकली म्हणून लागली. माझ्या पायांत काडेपेटी नाही. मी माफी मागणार नाही. मी चोरून गेले, त्याबद्दल ज्यांच्या खळ्यात गेले त्यांची मागेन. ते आबा आहेत. देव मधे आणू नका."

फोटो दाखवला. तारीख, वेळ, चादर, खाली ओढलेला स्विच. फोन हातोहात फिरला. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तायग्याकाकीच्या खुर्चीपाशी होते, हे सांगायला वीस बायका होत्या. काकीने स्वतःच मागून ओरडून सांगितलं, "माझे केस विंचरी होता ता! दिवसभर विंचरल्यान, निम्मे केस काडल्यान!"

मग रोजवहीतली ती ओळ वाचली. दोनदा. नंदू माझ्याकडे बघत होता.

"तू आत गेल्लंस… आणि माका पण सांगूक नाय?"

"तुला नाही सांगितलं. कोणालाच नाही. म्हणून तर म्हणतेय, ही ओळ तू लिहवून घेऊ शकत नव्हतास."

फोनमधून मकऱ्याचा आवाज आला. "घड्याळाचो प्रॉब्लेम आसतलो. मशीनचो सेल गेलो की वेळ चुकता."

"चुकते. पण वेळ चुकली म्हणून गायी ओढ्यापलीकडे जात नाहीत, मकऱ्या."

 मग तो म्हणाला, "नंद्या… माझा चुकला रे." नंदू खांब सोडून खाली बसला.

आबांच्या मानाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मास्तरांनी पेन उघडलं. "कारण काय लिवायचा? देवाची करणी, असा लिवतंय."

"ते लिहू नका."

"मगे काय, मशीनचो बिघाड?"

"तेही नको. वही द्या इकडे."

आयुष्यात मी पुष्कळ निवेदनं लिहिलीत. ज्याची खात्री नाही त्याखाली सही करायची नाही, एवढं एक शिकले आहे. मी लिहिलं: "नंदू वेशीच्या आत आला नव्हता. सुप्रिया आली होती. खेळ कोणी चालवला, ते माहीत नाही." खाली सही केली.

कोणीतरी पुटपुटलं, "माहीत नाय ह्या काय वहीत लिवतत?"

आबांनी वही मागितली. चष्मा पुसला, लावला, ओठ हलवत तिन्ही वाक्यं वाचली. माझ्याकडे बघितलं.

"घरात कोण दिसला काय गो तुका? खरा सांग."

"कोणी नाही, आबा. चादर होती."

"बरा." त्यांनी बोटाने ओळीखाली रेघ ओढल्यासारखं केलं. "ह्येच्यात खोटा काय नाय." आणि सही केली.

तर हे असं आहे. घड्याळ, व्हायरस, मकऱ्याने मुंबईतून केलेली गंमत… सगळं तपासलं. स्विच खाली होता, आणि मकऱ्या तिन्ही दिवस आमच्यात पत्ते खेळत होता. भूत मी मानत नाही, देवाने माउस धरला हेही मानत नाही. मग काय, ते मला आजही सांगता येत नाही, आणि येत नसलेलं येतं म्हणून मी छापणार नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी शेवटपर्यंत वाचेन. फक्त तुमच्या उत्तरात नंदू असेल तर तसदी घेऊ नका. ते तपासून, लिहून, सही होऊन झालंय.